धोटा आणि कुंपण : सोलापूर या गिरणी-शहराचा इतिहास

हातखंब्याच्या तिठ्यावर दोन मोठे रस्ते भेटतात. एक मुंबईहून गोव्याकडे जाणारा, दुसरा रत्नागिरीहून निघून घाट चढणारा आणि थेट नागपूरपर्यंत पोहोचणारा. कोकणातल्या दलितांना पहिला रस्ता पाठ आहे. आपल्या कित्येक पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, पलटणीत गेल्या, आणि आपली चळवळ, आपली गाणी, आपली चाळ-संस्कृती या वाटेनेच गावाकडे परत आली. दुसऱ्या रस्त्याकडे आपण फारसे पाहिलेले नाही. आंबा घाट, कोल्हापूर, मिरज, सांगोला, मंगळवेढा असा तो सोलापूरला जातो. मुंबईखेरीज महाराष्ट्रात गिरणी-कामगारांची जी मोजकी शहरे उभी राहिली, त्यांत सोलापूर हे एक महत्त्वाचे शहर. मुंबई समजून घेण्यासाठीसुद्धा ते समजून घेतले पाहिजे. मुंबईच्या अफाट गर्दीत जे विरून जाते, ते मध्यम आकाराच्या शहरात उघडे पडते.

या रस्त्यावर सोलापूरच्या आधी मंगळवेढा लागते. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसह तिच्याखाली गाडला गेला, असे परंपरा सांगते. साल १३३८. नामदेवांनी चोखोबाच्या अस्थी कशा ओळखल्या, ही कथा वारकरी परंपरेने जपली. त्या भिंतीवर राबणारे बाकीचे मजूर कोण होते आणि त्यांना मजुरी काय मिळत होती, हे कोणी जपले नाही. सोलापूरचा इतिहास वाचताना हाच दुसरा प्रश्न मनात धरून मी वाचतो आहे. शहर कोणी बांधले, कोण राबले, आणि त्या राबण्याची वाटणी कोणत्या नियमाने झाली?

१

कार्ल मार्क्सने १८५३ साली हिंदुस्थानविषयी लिहिताना एक भाकीत केले होते. रेल्वे येईल, रेल्वेमागून आधुनिक उद्योग येतील आणि जातिव्यवस्था ज्या वंशपरंपरागत श्रमविभागणीवर उभी आहे ती विभागणी हे उद्योग मोडून काढतील, असे त्याचे म्हणणे होते. आपल्याकडच्या अनेक पुरोगामी विचारवंतांनी हे भाकीत घडून गेलेली गोष्ट असल्याप्रमाणे गृहीत धरले. गावात जात, शहरात वर्ग. बैलगाडीत जात, आगगाडीत समता, अशी सोयीची मांडणी झाली. तिची परीक्षा घ्यायला सोलापूर हे चांगले ठिकाण आहे, कारण तिथे सारे मार्क्सने सांगितलेल्या क्रमानेच घडले.

१८६० मध्ये आगगाडी सोलापूरला पोहोचली. कापसाच्या मुलखातला हा बाजार मुंबई बंदराशी जोडला गेला. पुढे १८७७ च्या सुमारास मुंबईचे व्यापारी मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. सोलापूरकर तिला ‘जुनी मिल’ म्हणतात. विसावे शतक उजाडता उजाडता नरसिंगगिरजी आणि लक्ष्मी, आणि त्यामागून विष्णू, अशा गिरण्या उभ्या राहिल्या. कोरडवाहू पठारावर चिमण्यांची रांग लागली.

गिरणीचे हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या महादुष्काळाचा काळ होता, आणि सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे आणखी दोन दुष्काळ पाठोपाठ आले. एकीकडे चिमण्या वर चढत होत्या, दुसरीकडे गावे ओस पडत होती. भांडवल मुंबईहून आले, यंत्रे विलायतेहून आली आणि माणसे दुष्काळाने आणून दिली.

या दुष्काळाचा आघात सर्वांवर सारखा नव्हता. कुणब्याचे शेत करपले तरी शेत उरते. त्यावर सावकाराचे कर्ज काढता येते. महार-मांगांच्या हाती होते ते बलुते आणि वतन. ज्या वर्षी खळे नाही, त्या वर्षी बलुते नाही. गावाची चाकरी मात्र वतनाने बांधलेली. ते बंधन कायद्याने तुटायला १९५८ साल उजाडावे लागले. म्हणून दलित माणूस शहराकडे निघाला, तेव्हा तो मजुरीबरोबरच गावचाकरीतून सुटकाही शोधत होता. त्याची ही दुहेरी अपेक्षा समजून घेतली नाही, तर शहराने त्याला काय दिले आणि काय नाकारले याचा हिशोब लागणार नाही.

शहरात इतरही आले. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. त्यांनी आपली तेलुगू भाषा, आपले हातमाग आणि आपली देवळे सोबत आणली. मुसलमान विणकर होते. कानडी मुलखातून लिंगायत आणि इतर समाज आले, निजामाच्या राज्यातून भूमिहीन आले. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू या चार बोलींत सोलापूर बोलू लागले. या बहुभाषिकपणाचे कौतुक आजही होते आणि ते रास्तही आहे. पण चार भाषांत बोलणारे शहर एका बाबतीत एकाच भाषेत बोलत होते, आणि ती भाषा जातीची होती.

२

गिरणीच्या फाटकातून सगळे एकाच भोंग्यावर आत शिरत. आत गेल्यावर मात्र वाटा वेगळ्या होत. कापूस पिंजण्याचे खाते, साचेखाते म्हणजे कताई, कांड्या भरण्याचे खाते आणि शेवटी मागखाते. मागखात्यातला विणकर कापडाच्या वारावर मजुरी घेई आणि त्याची कमाई साच्यावरच्या माणसापेक्षा बरीच जास्त असे. मुंबईच्या गिरण्यांत या मागखात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते.

याचे कारण वरवर पाहता अगदी क्षुल्लक आहे. मागाच्या धोट्यात सुताची कांडी असते. ती संपली की नवी कांडी घालायची आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचे. ते तोंडाने ओढून काढण्याची रीत होती. एक धोटा अनेकांच्या तोंडाला लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आपण तोंडाला कसा लावायचा, हा स्पृश्य विणकरांचा आक्षेप. मराठा असो की मुसलमान, या आक्षेपापुरते त्यांचे एकमत होते.

इंग्लंडमधल्या लँकेशरच्या गिरण्यांतही धोटा असाच तोंडाने ओढला जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे या रीतीविरुद्ध ओरड झाली ती आरोग्याच्या कारणाने. रोग पसरतो, दात किडतात, म्हणून हाताने भरता येणारे धोटे आणा, अशी मागणी होती. एकच यंत्र, एकच कृती. तिथे प्रश्न पडला तो जंतूंचा, इथे पडला विटाळाचा. तिथे उपाय म्हणून धोटा बदलण्याचा विचार झाला, इथे माणूसच वगळला. यंत्र समाज बदलते असे म्हणणाऱ्यांनी या धोट्याकडे जरा निरखून पाहावे. समाजानेच यंत्राला आपली शिवाशिव शिकवली.

माझे पणजोबा हातखंब्याच्या रस्त्याने मुंबईला गेले आणि एका गिरणीच्या साचेखात्यात लागले. मागावर कमाई जास्त, हे त्यांना ठाऊक होते. ‘तिकडे आपल्याला घेत नसत,’ एवढे एकच वाक्य आमच्या घरात त्यांच्या साऱ्या नोकरीचा इतिहास म्हणून उरले. महाविद्यालयात शिकवायला लागेपर्यंत मला ते वाक्य एका घरचे दुःख वाटत होते. ते एका संपूर्ण उद्योगाचे धोरण होते, हे पुढे कळले.

सोलापुरात ही वाटणी आणखी घट्ट होण्याचे कारण शहराच्या घडणीतच होते. गिरणीच्या आधीपासून आणि गिरणीच्या बाहेरही तिथे हातमाग होते, आणि ते पद्मशाली, साळी, मुसलमान अशा विणकर समाजांच्या हाती होते. विणण्याचे कसब जातीत होते, गिरणीला कसब हवे होते, आणि कामगार भरती जॉबर-मुकादमांच्या हाती होती. जॉबर आपल्या नात्यातला, आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस आणी. मालकाला त्यात खोट दिसली नाही, कारण अशा भरतीतून मिळणारा कामगार जॉबरच्या मुठीत राहतो. गावगाड्यातली श्रमविभागणी अशा रीतीने खाते-विभागणी होऊन गिरणीत शिरली.

इथे एक खबरदारी घेतली पाहिजे. पद्मशाली विणकर हा काही शोषक नव्हता. तोही दुष्काळाचा मारलेला, परक्या मुलखात आलेला, कारखानदाराच्या मागावर दिवसरात्र राबणारा माणूस होता. जातिव्यवस्थेचे कौशल्य हेच की ती एका भुकेल्या माणसाच्या हाती दुसऱ्या भुकेल्याला अडवण्याचा अधिकार देते. बाबासाहेबांनी हे अचूक ओळखले. १९२८ च्या मुंबईतल्या संपाच्या वेळी त्यांनी मागखात्याच्या बंदीचा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर लावून धरला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी बजावले, आणि मागखात्यासारख्या उदाहरणांनी ते पटवून दिले. ज्या कामगार-ऐक्यात अस्पृश्याला बढती नाही, ते ऐक्य कोणाचे, हा त्यांचा सवाल होता. तो सवाल तेव्हा अनेकांना ‘फूट पाडणारा’ वाटला. फूट आधीच होती. त्यांनी फक्त तिचे नाव घेतले.

३

धोट्याने माणसे खात्याबाहेर ठेवली. सोलापुरात माणसे आत डांबण्याचीही सोय होती. तिचे नाव सेटलमेंट.

१८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ मध्ये तो सुधारून देशभर लागू करता येईल असा केला गेला, आणि मुंबई इलाख्यातही वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरची वसाहत त्यांपैकी एक मोठी. कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट अशा जमातींची माणसे तारेच्या कुंपणाआड आणून ठेवली गेली. जन्माने गुन्हेगार, म्हणून नोंद. नोंद, म्हणून हजेरी. हजेरी चुकली, की शिक्षा. वसाहत चालवण्यात अमेरिकन मराठी मिशनचाही हात होता. प्रार्थना, शाळा, शिस्त आणि काम यांनी माणूस सुधारतो, अशी त्या मागची श्रद्धा होती. आणि काम होते ते शहरातल्या गिरण्यांत.

वसाहतीची जागा औद्योगिक शहरात असणे हा योगायोग म्हणता येणार नाही. गिरणीला हजेरी हवी असते, वसाहतीला हजेरी हवी असते. दोन्ही हजेऱ्या एकमेकींना पूरक ठरल्या. जो कामगार परवानगीशिवाय शहर सोडू शकत नाही, तो गिरणीही सोडू शकत नाही. त्याला सुगीला गावी जाता येत नाही, कारण गावच नाही. संपावर जायचे तर मालकाबरोबर पोलिसालाही तोंड द्यावे लागते. ‘मुक्त श्रमिक’ हा भांडवलशाहीचा पाया आहे असे अर्थशास्त्राच्या पुस्तकात आपण शिकवतो. सोलापूरच्या भांडवलशाहीचा एक खांब कुंपणाआडच्या श्रमावर उभा होता, हेही त्याच तासाला शिकवले पाहिजे.

४

सोलापूरचे नाव देशाच्या इतिहासात येते ते १९३० मुळे. गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले. ८ मे १९३० रोजी गोळीबार झाला, त्यानंतर पोलीस मागे हटले आणि काही दिवस ब्रिटिशांची सत्ता सोलापुरात नावालाही उरली नाही. १२ मेला लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि तो जूनअखेरपर्यंत टिकला. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. ही नावे नुसती उच्चारली तरी त्या उठावाचा विस्तार कळतो. गिरणी-कामगारांच्या या शहराने त्या दिवसांत जे धैर्य दाखवले, त्याबद्दल आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

पण अभिमानाबरोबर प्रश्नही विचारता आला पाहिजे. सत्ता कोसळली त्या दिवसांत शहर मोकळे झाले. सेटलमेंटचे कुंपण जागच्या जागी राहिले. त्याच १९३० च्या मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. एकाच वर्षी, एकाच भाषेच्या मुलखात, स्वातंत्र्याचे दोन अर्थ रस्त्यावर उतरले होते. शाळेच्या पुस्तकात सोलापूर एका प्रकरणात येते, नाशिक दुसऱ्यात. ही दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचण्याचे काम आपल्यालाच करावे लागणार आहे.

सोलापूरच्या दलितांनी मात्र आपला अर्थ सोडला नाही. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाचे जिवाप्पा ऐदाळे सोलापूर जिल्ह्यातून मुंबई विधिमंडळात निवडून गेले. जानेवारी १९३८ मध्ये बाबासाहेब सोलापुरात होते. १ जानेवारीला ते ख्रिस्ती समाजापुढे बोलले, आणि ४ जानेवारीला सोलापूर नगरपालिकेने त्यांना मानपत्र दिले. पक्षाचे नाव ‘मजूर’ होते हे विसरू नये. गिरणीच्या शहरात दलित चळवळ ही कामगार चळवळही होती. तिला केवळ जातीची चळवळ ठरवणाऱ्यांनी त्या काळचा मागखात्याचा पगार आणि साचेखात्याचा पगार ताडून पाहावा.

५

पुढचे प्रकरण कायद्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते, पण त्याचा सोलापूरशी असलेला संबंध त्यांच्या ध्यानात राहत नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली. हजारो माणसे बेकार झाली. संविधान अमलात येण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, जानेवारी १९५० मध्ये, केंद्र सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार ताब्यात घेतला आणि नंतर तसा कायदा केला. त्याविरुद्ध एक भागधारक, चिरंजितलाल चौधरी, सर्वोच्च न्यायालयात गेले. साऱ्या देशात आमच्याच कंपनीसाठी वेगळा कायदा का, हा समतेचा भंग आहे, अशी त्यांची तक्रार होती. ४ डिसेंबर १९५० रोजी तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ती फेटाळली गेली. संविधानाच्या चौदाव्या कलमाचा, म्हणजे कायद्यापुढील समतेचा, अर्थ लावणारा हा आरंभीचा आणि आजही उद्धृत होणारा निकाल. पुढे डिसेंबर १९५३ मध्ये दुसरे भागधारक, द्वारकादास श्रीनिवास, मालमत्तेच्या हक्कावर त्याच कायद्याविरुद्ध जिंकले. आणि अशा निकालांमुळे १९५५ साली चौथी घटनादुरुस्ती करावी लागली.

या घटनाक्रमाचा अर्थ काय? बाबासाहेबांच्या देखरेखीखाली लिहिले गेलेले समतेचे कलम सोलापूरच्या गिरणीपर्यंत पहिल्याच वर्षी पोहोचले. पण ते मागितले भागधारकाने. मागखात्यातून वगळलेल्याने ते मागितले नाही, जन्माने गुन्हेगार ठरवलेल्यानेही नाही. डिसेंबर १९५० मध्ये हा निकाल लागला तेव्हा गुन्हेगार जमातींचा कायदा देशाच्या पुस्तकातून गेलेला नव्हता. तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, आणि त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. हक्क कागदावर सर्वांचे असतात, पण न्यायालयाचा जिना चढायला जे लागते ते शेअरच्या कागदाजवळ होते, कामगाराच्या हजेरीपत्रकाजवळ नव्हते. म्हणून वटहुकुमात कामगार आले ते बेकारीचे कारण म्हणून. फिर्यादी म्हणून आले नाहीत.

६

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सोलापूरच्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. उरले ते यंत्रमाग. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांचे नाव झाले, चादरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण यंत्रमागाच्या शेडमध्ये गिरणीसारखे खाते नाही, भविष्यनिर्वाह निधीचे पुस्तक नाही, बहुतेक ठिकाणी हजेरीपत्रकही नाही. घराघरांत बायका विड्या वळतात. हजार विड्यांवर मजुरी मोजली जाते. या बायकांनी लाल बावट्याखाली झगडून कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी करून घेतली. २००६ मध्ये ती घरे त्यांच्या हाती आली. श्रमिक बायकांनी मिळवलेले हे यश मोठे आहे आणि आपल्या चळवळीने त्यापासून शिकले पाहिजे.

गिरणी गेल्याने सगळ्यांचेच नुकसान झाले, पण नुकसानाचीही खाती असतात. विणकर समाजाजवळ माग होता, कसब होते, नात्यातला कारखानदार होता. साचेखात्यातल्या दलिताजवळ यांतले काहीच नव्हते, कारण कसब शिकण्याच्या खात्यातच त्याला पूर्वी शिरू दिलेले नव्हते. एका पिढीला नाकारलेला धोटा तिसऱ्या पिढीला बेकार करून गेला. याच शहरात जन्मलेले, तिथल्या न्यायालयात शिपाई म्हणून उभे राहिलेले सुशीलकुमार शिंदे २००३ साली राज्याचे पहिले दलित मुख्यमंत्री झाले. ही गोष्ट लहान नाही. पण एक माणूस वर जाणे आणि एक खाते उघडणे यांतला फरक आपल्या तरुणांनी समजून घ्यावा.

या प्रदेशाने आपल्याला साहित्य दिले. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोटच्या बाजूचे. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने (१९८७) ज्यांना कुंपणात घातले गेले त्यांना आतून बोलते केले. ‘उचल्या’त लातूरची सूतगिरणी आहे, हे मुद्दाम आठवावे. आत्मकथनांनी गावकुसाबाहेरचे जग मराठीत आणले. गिरणीच्या आतले जग अजून पुरते आलेले नाही. आपली माणसे गिरणीत कोणत्या खात्यात होती, पाणी कोणत्या नळावर पीत, मागखात्यात पहिला दलित कधी शिरला आणि त्या दिवशी शेजारच्या मागावरचा माणूस काय म्हणाला, याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही. ती घराघरांत एकेका वाक्यात उरली आहे.

ती वाक्ये आता गोळा केली पाहिजेत. सोलापूरच्या बुधवार पेठेत आणि सेटलमेंटच्या वस्त्यांत जसे हे काम होऊ शकते, तसे रत्नागिरीच्या वाड्यांतही होऊ शकते. मुंबईहून परत आलेल्या म्हाताऱ्यांच्या पेटाऱ्यात गिरणीचे बिल्ले आणि पगाराच्या चिठ्ठ्या अजून असतील. विद्यार्थ्यांनी वही घेऊन त्यांच्यापुढे बसावे आणि पहिला प्रश्न विचारावा, ‘तुम्ही कोणत्या खात्यात होता?’ दुसरा विचारावा, ‘कोणत्या खात्यात तुम्हाला जाता येत नव्हते?’ मंगळवेढ्याच्या भिंतीखालच्या मजुरांना हे प्रश्न कोणी विचारले नाहीत. ज्यांना अजून विचारता येतील, त्यांना विचारायला उशीर करू नये.